तेल तापलं म्हणून लगेच कूलर आणि जाड तेल? जरा थांबा

मा. संपादक,

स.न.वि.वि. मागच्या रविवारच्या तुमच्या वाहन पुरवणीत स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी एक चौकट होती, त्यात लिहिलं होतं की इंजिन ऑइलचं तापमान १२० च्या वर गेलं की इंजिन धोक्यात आलं समजा, लगेच मोठा ऑइल कूलर (तेल थंड करणारी, रेडिएटरसारखी जाळी) बसवा आणि एक ग्रेड जाड तेल भरा. पत्र एरवी मी लिहीत नाही, वाचतो आणि सोडून देतो, पण हे वाचून राहवलं नाही कारण हा सल्ला मी स्वतः तंतोतंत पाळलेला आहे, त्याच क्रमाने, आणि त्यात दीड वर्ष आणि एक गॅस्केट घालवलेलं आहे. चौकट अगदीच चुकीची आहे असं म्हणत नाही मी, पण अर्धवट आहे आणि अर्धवट सल्ल्याने माणूस पैसे नेमके चुकीच्या जागी घालतो.

माझी गाडी दोन सीटर आहे, दोन लिटरचं बिनटर्बोचं इंजिन, पण रेव्ह (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) खूप वर जातात, आणि मी ती अधूनमधून ट्रॅकवर नेतो, वीस वीस मिनिटांची सेशन्स. आधीची गाडी साधी होती, तिला ऑइल टेंपरेचरचा काटाच नव्हता त्यामुळे तेल किती तापतं हा प्रश्नच कधी पडला नाही, सुखात होतो. ह्या गाडीत काटा आहे आणि काटा दिसला की माणूस काट्याकडेच बघत बसतो. त्यात पाण्याच्या काट्याने आपल्याला सवय लावून ठेवलेली असते, तो बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीने मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, पाणी ८० असो की १०० तो मधोमधच उभा. तेलाचा काटा (जिथे खरा असतो तिथे) असा लाड करत नाही, घाटात चढतो, उतारावर उतरतो, सिग्नलला थांबलात तरी हलतो. पहिल्यांदा ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला तो १२८ वर आणि पाचव्याला १३६ वर गेलेला बघितला तेव्हा माझे हातपाय गार पडले होते, तेल सोडून बाकी सगळं गार :)

तर आधी आकड्यांबद्दल. रस्त्यावर चांगलं गरम झालेलं इंजिन असेल तर तेल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस असतं, हे नॉर्मल, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही उलट एवढं असायलाच पाहिजे. ट्रॅकवर जोरात चालवली की १२० ते १३० येणं हेही चांगल्या फुल सिंथेटिक तेलासाठी रोजचं काम आहे. १३५ च्या पुढे मी पाय हलका करतो आणि १४० दिसलं की सेशन सोडून देतो, हा माझा नियम, तुमच्या गाडीचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर ते ऐका. म्हणजे तुमच्या चौकटीतला १२० हा आकडा धोक्याचा नाहीच, तो "आता जरा लक्ष असू दे" एवढंच सांगणारा आहे. आणि तो सेल्सिअसच ना? चौकटीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या एका मित्राने बाहेरून मागवलेला मीटर बसवला आणि पहिल्याच फेरीनंतर पिटमध्ये फोन करून ओरडायला लागला की अरे अडीचशे झालं अडीचशे, तेल पेटणार आता! फॅरेनहाइट होतं ते. २५० फॅरेनहाइट म्हणजे १२१ सेल्सिअस. आणि तसंही इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) २०० अंशांच्या बराच वर असतो, संपमधलं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातलं) तेल १३० ला पेटत नसतं, पेटतं ते गळून एक्झॉस्टवर पडलेलं तेल, त्याबद्दल पुढे सांगतो कारण तेही करून झालंय.

दुसरं म्हणजे तुम्ही गरम तेलाची भीती घातली पण थंड तेलाबद्दल एक अक्षर नाही. तेल ८० च्या खाली असताना इंजिन ओढणं हे १२५ वर ओढण्यापेक्षा मला तरी जास्त वाईट वाटतं, तेल जाड असतं, लांबच्या बेअरिंगपर्यंत हवं तसं पोचत नाही. बीएमडब्ल्यूच्या एम३ च्या ई४६ नावाच्या पिढीत टॅकोमीटरच्या (रेव्ह दाखवणाऱ्या मीटरच्या) कडेला दिवे दिलेले असायचे, इंजिन थंड असताना वरच्या रेव्हवरचे दिवे पेटलेले आणि जसजसं तापत जाईल तसतसे एकेक विझत जायचे, म्हणजे आता इथपर्यंत ओढायला हरकत नाही. किती सोपी गोष्ट! असे दिवे सगळ्या गाड्यांना असते तर निम्मी इंजिनं वाचली असती असं मला आपलं वाटतं. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे तेलही तापलं असं नसतं बरं का, तेलाला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कधी कधी दुप्पट.

आता तेल तापतं कशाने हे जरा सांगायलाच पाहिजे कारण तुमच्या चौकटीत तेल म्हणजे नुसतं वंगण असल्यासारखं लिहिलंय. तेल वंगण आहेच पण इंजिनाच्या ज्या भागात पाणी पोचतच नाही तिथली उष्णता काढून आणणारा तेलच आहे. क्रँकच्या बेअरिंग, कॅम, पिस्टनचं पोट.. बऱ्याच स्पोर्ट्स इंजिनांमध्ये खालून पिस्टनच्या पोटावर तेलाची पिचकारी मारणारी छोटी नोझल्स असतात, ते तेल पिस्टनची उष्णता घेऊन खाली संपमध्ये पडतं. टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टची बेअरिंगही तेलावर आणि त्याच शाफ्टच्या एका टोकाला शेकडो अंशांचा एक्झॉस्ट. त्यावर पुन्हा तेल स्वतःच स्वतःला तापवतं, बेअरिंगच्या बारीक फटीत ते घासलं जातं, कातरलं जातं, आणि रेव्ह वाढल्या की हे घर्षण सरळ प्रमाणात नाही तर त्याहून जोरात वाढतं. आणि उष्णता वाहून न्यायला तेल पाण्याएवढं हुशार नाही, एक किलो पाणी एक अंश तापायला जेवढी उष्णता खातं त्याच्या निम्म्यातच एक किलो तेल एक अंश वर जातं. म्हणून पाणी जागेवर उभं आणि तेल मात्र चढतंय असं दिसतं, त्यात गाडीत बिघाड असतोच असं नाही.

पोर्शेची ९११ घ्या, १९६३ मध्ये पहिल्यांदा दाखवली तेव्हापासून १९९८ पर्यंत तिच्या इंजिनाला पाणीच नव्हतं. सगळे एअर कूल्ड म्हणतात पण खरं तर निम्मं काम तेल करायचं, वेगळी तेलाची टाकी, भरपूर तेल, आणि पुढच्या काळातल्या गाड्यांना पार पुढे मडगार्डच्या आत तेलाचा कूलर, इंजिन मागे आणि कूलर पुढे, पूर्ण गाडीभर तेलाच्या नळ्या. माझ्दाच्या आरएक्स-७ चं रोटरी इंजिनही तसंच, त्यातले रोटर आतून तेलानेच थंड होतात म्हणून त्या गाडीत ऑइल कूलर ही चैन नव्हती, कंपनीतूनच यायचा. सांगायचा मुद्दा असा की कूलर वाईट नाही, जिथे गरज आहे तिथे कंपनी स्वतः देते, पण ती तो कुठे बसवते, त्यात हवा कुठून येते आणि मुख्य म्हणजे बाहेर कुठून जाते ह्याचा विचार करून देते. आपण बंपरमागे जागा दिसली की तिथे टांगतो.

आता माझी चूक नंबर एक, जाड तेल. मॅन्युअलमध्ये ३० ग्रेड होतं, मी थेट २०डब्ल्यू-५० ओतलं कारण सगळे तेच सांगत होते. पुढच्या ट्रॅक दिवशी काटा १३६ ऐवजी १४० ला गेला! मला वाटलं मीटर खराब झाला. मग कळलं की जाड तेलाचं अंतर्गत घर्षणच जास्त, म्हणजे ते ढवळायला आणि बेअरिंगमधून ढकलायला इंजिनाची जी ताकद जाते तीच उष्णता होऊन तेलात परत येते. जाड तेल तापमान कमी करत नाही हो, ते तापलेलं असतानाही थर टिकवून धरतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या चौकटीत त्या एक झाल्यात.

इथे थोडं तपशिलात जातो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. डब्यावर जो ३०, ४०, ५० आकडा असतो तो १०० अंशांना तेल किती जाड आहे त्याचा, ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (तेलाचा जाडपणा मोजायचं एकक) मध्ये कुठेतरी, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. पट्टा केवढा मोठा आहे बघा, एका कंपनीचं वरच्या टोकाचं ३० आणि दुसऱ्या कंपनीचं खालच्या टोकाचं ४० जवळजवळ सख्खे भाऊ असू शकतात. (आधीचा डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याचा तापलेल्या इंजिनाशी काही संबंध नाही, ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० गरम झाल्यावर एकाच पट्ट्यात.) ट्रॅकवाल्यांनी बघायचा आकडा खरं तर वेगळाच आहे, त्याला एचटीएचएस म्हणतात, १५० अंशांना आणि जोरात कातरलं जात असताना तेल किती जाड राहतं ते. ३० ग्रेडला तो किमान २.९ लागतो, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५, आणि ५० ला ३.७. डब्यावर तो छापलेला नसतो पण कंपनीच्या डेटाशीटमध्ये मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे. २०डब्ल्यू-५० टाकून मी सकाळी थंड इंजिनाचे हाल केले आणि त्या बदल्यात मिळालं काय, तर ५डब्ल्यू-४० पेक्षा जरासाच जास्त आधार. नंतर मी चांगल्या सिंथेटिक ५डब्ल्यू-४० वर आलो आणि तिथेच आहे.

ह्याचा अर्थ ग्रेड बदलूच नये असा नाही. कॉर्व्हेटच्या सी७ चं, म्हणजे सातव्या पिढीचं, मॅन्युअलच सांगायचं की रस्त्यावर ५डब्ल्यू-३० वापरा पण ट्रॅकवर नेणार असाल तर १५डब्ल्यू-५० भरा आणि परत आलात की बदला. आणि त्याच ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० लागायचं. पण हे त्या त्या इंजिनाच्या फटी, पंप, बेअरिंग बघून ठरवलेलं आहे, शेजाऱ्याने ६० टाकलं म्हणून मीही टाकतो असं नाही चालत.

खरं तर तापमान एकटं बघूच नये, प्रेशर सोबत बघावं. हे तुमच्या चौकटीत हवंच होतं. तेल तापून पातळ झालं की प्रेशर पडतं, आणि बेअरिंगला वाचवतो तो तेलाचा थर, तापमानाचा आकडा नाही. जुन्या मेकॅनिक लोकांचा ठोकताळा असा की दर १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) प्रेशर हवं, म्हणजे ६००० ला ६० च्या आसपास. सगळ्या इंजिनांना तो लागू नाही, नवीन गाड्यांमध्ये पंपच कमी जास्त होणारे असतात, पण एका गाडीपुरता आपला आपण तक्ता करता येतो. मी केला, वहीत, १०० अंशांना ह्या रेव्हला एवढं प्रेशर, १२० ला एवढं, १३० ला एवढं. आता काटा १३० ला असताना प्रेशर नेहमीचं असेल तर मी निवांत असतो आणि काटा ११० ला असताना प्रेशर नेहमीपेक्षा ८-१० ने कमी दिसलं तर गाडी बाजूला घेतो. आणि वळणात प्रेशरचा काटा क्षणभर जरी डुबकी मारताना दिसला तर विषय तापमानाचा नाहीच, तेल एका बाजूला जाऊन पिकअप (पंपाची तेल ओढणारी नळी) उघडा पडतोय, आधी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) बघा.

डिपस्टिक! ह्यावर एक वेगळं पत्र होईल. तेल कमी असेल तर तेच थोडं तेल जास्त वेळा फिरतं, त्याला संपमध्ये निवायला वेळच मिळत नाही, म्हणून जास्त तापतं. म्हणून मग लोक वरच्या खुणेच्या वर भरतात, जास्त असलेलं बरं म्हणून, आणि मग क्रँक त्या तेलात फटके मारतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल ना थंड करतं ना वंगण देतं, तापतं मात्र मस्त. वरच्या खुणेला टेकवा आणि थांबा.

चूक नंबर दोन, कूलर. एका गॅरेजमध्ये (नाव राहू दे) मोठा १९ रांगांचा कूलर घेतला, त्यांनी तो बंपरच्या आत, रेडिएटरच्या अगदी पुढे चिकटवून बसवला, फिल्टरखाली सँडविच प्लेट (तेल कूलरकडे वळवणारी चकती) टाकली, होज (तेलाच्या नळ्या) ओढले, झालं म्हणाले. सँडविच प्लेटमध्ये थर्मोस्टॅट (तेल तापल्यावरच कूलरकडचा रस्ता उघडणारी झडप) आहे का असं मी विचारलंही नाही, मला माहीतच नव्हतं की असावा लागतो. नव्हता. परिणाम असा की ट्रॅकवर १३६ चं १३२ झालं, फक्त चार अंश! आणि पाणी, जे आधी ९४ वर ठाम असायचं, ते १०१ झालं कारण रेडिएटरला आता कूलरमधून तापून आलेली हवा मिळत होती. आणि रस्त्यावर थंडीच्या दिवसात अर्धा तास चालवून तेल ६८, कधी ७०. तेल शंभरच्या आसपास गेलंच नाही तर त्यातलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, दोन महिन्यांनी फिलर कॅप उघडलं तर आत पिवळसर पांढरा चिकट साय जमलेला. तेलात पाणी मिसळतंय म्हणजे हेड गॅस्केट गेलं असं वाटून मी घाबरून ते बदलायला लावलं, काढून बघितलं तर जुनं गॅस्केट अगदी ठणठणीत. फक्त तेल कधी नीट तापलंच नव्हतं. म्हणजे तेल तापतं ह्या भीतीने कूलर लावला आणि तेल तापत नाही म्हणून इंजिन उघडलं, ह्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

मग शहाणपण म्हणून सँडविच प्लेट बदलून थर्मोस्टॅटवाली घातली, साधारण ८२ अंशांच्या पुढे कूलरकडचा रस्ता उघडणारी, तोपर्यंत तेल कूलरला वळसा घालून परत इंजिनात. रस्त्यावरचा प्रश्न त्याच दिवशी संपला, आता रस्त्यावर तेल ९२ ते ९५ असतं. पण ट्रॅकवरचं १३२ तसंच.

ते सुटलं लोकरीच्या धाग्यांनी. खरंच. बोटाएवढे धाग्याचे तुकडे कापून कूलरच्या पुढे आणि मागे टेपने चिकटवले, फोनचा कॅमेरा बंपरच्या जाळीच्या आत बांधला आणि मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारली. घरी येऊन बघतो तर पुढचे धागे कूलरच्या आत ओढले जायच्या ऐवजी बाजूला फाकलेत, कडेने पळतायत, आणि मागचे तर नुसते लोंबकळतायत जसे काही गाडी उभीच आहे. हवा आळशी असते हो, तिला कूलरच्या बारीक जाळीतून जायचं नसतं, कडेला बोटभर फट मिळाली की ती तिथून जाते. मग पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा कापून बंपरच्या तोंडापासून कूलरच्या चारी कडांपर्यंत डक्ट केला, आधी पुठ्ठ्याचा करून बघितला होता, कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या, आणि कूलर रेडिएटरच्या पुढून काढून कोपऱ्यात नेला, चाकाच्या पुढे, म्हणजे त्याची गरम हवा व्हील आर्चमधून बाहेर जाईल. तिथल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराला) जाळीचं भोक पाडावं लागलं. ह्या बाहेर जायच्या रस्त्यावर कुणी बोलत नाही. आत यायचं तोंड लहान असलं तरी चालतं पण बाहेर जायचा रस्ता मोठा आणि मोकळा लागतो, मागे हवा तुंबली तर पुढून नवीन हवा येणार कुठून.. तोच कूलर, तेच तेल, पुढच्या सेशनला १२२. नवीन काही विकत घेतलं नाही, एक पत्रा आणि फोम.

उरलेले तीन चार अंश तर लाजिरवाणे आहेत. गाडीखालचा प्लास्टिकचा अंडरट्रे कुठल्या तरी सर्व्हिसिंगला काढला होता आणि परत लावलाच नव्हता, मला वाटायचं नसलेला बरा, इंजिनाला खालून हवा लागते. उलटं आहे. तो नसेल तर खालून घुसलेली हवा रेडिएटरच्या मागे दाब वाढवते आणि पुढून येणारी हवा अडते. तो लावला, रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये अडकलेले किडे आणि माती पाण्याने हलक्या हाताने धुतली, वाकलेली पाती चिमट्याने सरळ केली. ज्या गाड्यांमध्ये तेल पाण्यानेच थंड होतं (फिल्टरच्या बुडाशी छोटा हीट एक्स्चेंजर असतो बऱ्याच गाड्यांना) त्यांनी तर आधी पाण्याकडेच बघावं, रेडिएटर, जुना थर्मोस्टॅट, कूलंट, कॅपचं रबर. पाणीच १०५ ला असेल तर ते तेलाला कुठून थंड करणार.

आणि तेल पेटण्याबद्दल सांगतो म्हणालो होतो ना. गॅरेजने ओढलेला होज सबफ्रेमच्या धारेवर घासत होता, इतका हळू की वर्षभर कळलं नाही, मग एका सेशननंतर बॉनेटमधून निळा धूर, जळक्या तेलाचा वास, थेंब थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर. नशीब की पिटमध्ये होतो आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी होता, वापरावा लागला नाही. कूलर बसवणं म्हणजे इंजिनाच्या रक्तवाहिन्या बंपरपर्यंत बाहेर काढणं आहे, प्रत्येक जोड ही गळायची एक नवीन जागा, आणि पुढे धडक बसली तर आधी तेच फुटणार. म्हणून ज्याला खरोखर गरज नाही त्याला मी कूलर नको म्हणतो. बसवलाच तर होज जिथे जिथे धातूला टेकतो तिथे रबराची बाही घाला, आणि इंजिन सुरू करून बंद केल्यावर तेल पुन्हा मोजा, कूलर आणि होजमध्ये अर्धा लिटरच्या वर सहज जातं.

चालवण्याबद्दल तर तुमच्या चौकटीत काहीच नव्हतं आणि फुकटातला उपाय तोच आहे. एक गिअर वरचा ठेवून वळण घ्या, ७५०० ऐवजी ६५०० ला शिफ्ट करा, लॅप टाइममध्ये फार फरक पडत नाही आणि माझ्या गाडीत दोन लॅपमध्ये तेल पाच सहा अंश खाली येतं. सरळ पट्ट्यावर पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून राहू नका, तिच्या मागे हवाही कमी आणि आहे तीही तापलेली, जरा अर्धी गाडी बाजूला घेतली की रेडिएटरला श्वास मिळतो. फारच चढलं तर काचा खाली करून हीटर फुल करा, पाण्यातली उष्णता केबिनमध्ये येते, आपण भाजतो पण इंजिनाला बरं वाटतं. शेवटची लॅप हळू मारा आणि पिटमध्ये आल्या आल्या चावी फिरवू नका, त्यातही टर्बो असेल तर अजिबात नाही, तेल वाहायचं थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल जागीच जळून कोळसा होतं. नुसती उभी करून आयडल ठेवण्यापेक्षा दोन तीन मिनिटं हळूहळू फिरवलेली चांगली कारण उभ्या गाडीला हवा कुठली.

तेल बदलण्याबद्दल एकच. तेल खराब होण्याचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे १०० च्या जागी १३० ला ठेवलेलं तेल आठपट वेगाने म्हातारं होतं. वर रेव्हमुळे त्यातली जाडी टिकवणारी पॉलिमरं तुटतात आणि तेल आपल्या ग्रेडपेक्षा पातळ होऊन बसतं. मग किलोमीटर मोजून काय उपयोग. मी ट्रॅकचे तीन चार दिवस झाले की बदलतो, मधे किती किलोमीटर झाले ते बघत नाही, आणि एकदा जुन्या तेलाचा नमुना लॅबला देऊन बघितला, त्यात जाडी, तेलात मिसळलेलं पेट्रोल, लोखंड, तांबं, शिसं किती ते कळतं. ते वाचून जेवढी झोप लागली तेवढी कूलर लावून लागली नव्हती.

अजून एक राहिलं, सेन्सर कुठे आहे ते. संपमधला आकडा आणि फिल्टरपाशी मोजलेला आकडा एक नसतो, आणि बेअरिंगच्या फटीतलं तेल तर दोन्हीपेक्षा गरम. माझा सेन्सर फिल्टरच्या सँडविच प्लेटमध्ये आहे आणि मित्राचा संपच्या बोल्टमध्ये, आम्ही सहा महिने एकमेकांचे आकडे ताडत बसलो होतो, काही अर्थ नव्हता. आणि संपवर लेझर बंदूक रोखून तापमान घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चकचकीत अॅल्युमिनियमवर ती साफ खोटं सांगते, खूप कमी दाखवते, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून मग त्यावर मोजा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागेवर दोन ओळींची दुरुस्ती छापा, की कूलर बसवायचाच असेल तर थर्मोस्टॅटसकट आणि डक्टसकट बसवा, आणि ग्रेड मॅन्युअल बघून ठरवा. मोठी चौकट नको. आणि ह्या वेळी आकडा सेल्सिअस की फॅरेनहाइट तेवढं मात्र लिहा, नाहीतर माझा तो मित्र पुन्हा फोन करेल.

आपला,
डिपस्टिक दर रविवारी बघणारा एक वाचक